कुलसंमेलन आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या

एका मूळपुरुषापासून निघालेल्या आणि कालांतराने दूरदूर पांगलेल्या शाखांनी मूळगावी एकत्र जमावे, कुलदैवताची पूजा करावी, एका पंक्तीस भोजन करावे आणि परस्परांची ओळख करून घ्यावी, ह्या समारंभास कुलसंमेलन असे नाव आता रूढ झाले आहे. पूर्वी ही गाठभेट लग्नामुंजींत आपोआप होत असे. आता एकाच घराण्याची माणसे नाशिक, पुणे, बडोदे, इंदूर, इंग्लंड आणि अमेरिका अशा ठिकाणी असल्यामुळे ती मुद्दाम घडवून आणावी लागते. प्रथमदर्शनी हा विषय कौटुंबिक दिसतो व इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकात त्यास जागा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु ज्या घरांतून जुने कागद मिळावेत म्हणून आपण संग्राहक वर्षानुवर्षे उंबरे झिजवितो, त्या सर्व घरांचे कर्ते पुरुष व वृद्ध स्त्रिया दोन दिवस एका मांडवाखाली येतात, असा योग दुसरा नाही. तो योग भोजन व छायाचित्रे एवढ्यावर संपू नये, तर त्यातून घराण्याचे साधनसाहित्य उजेडात यावे, आणि त्यासाठी नाशिक येथे काय सोय आहे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. कुलाची मर्यादा

संमेलनास कोणास बोलवावे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर धर्मशास्त्रकारांनी आपापल्या परीने देऊन ठेविले आहे. याज्ञवल्क्याच्या मते पित्याकडून सातव्या व मातेकडून पाचव्या पुरुषानंतर सापिंड्य संपते. मिताक्षराकार विज्ञानेश्वर 'पिंड' शब्दाचा अर्थ शरीर असा करितो. म्हणजे ज्यांच्या देहात एकाच पूर्वजाच्या देहाचे अंश आले ते सपिंड. बंगालचा जीमूतवाहन त्याच शब्दाचा अर्थ श्राद्धातील पिंड असा घेतो. सापिंड्याच्या पलीकडे समानोदकांचे नाते; एकाच पूर्वजास पाणी देणारे ते समानोदक. हे नाते कोठे संपते ह्याविषयी मनूने जे सांगितले आहे ते आपल्या विषयास अत्यंत उपयुक्त आहे. त्याच्या मते अमुक पिढीस हे नाते तुटते असे नाही. जन्म व नाव ह्यांचे ज्ञान जेथे नाहीसे होते तेथे ते तुटते.

म्हणजे दूरच्या भाऊबंदकीची मर्यादा रक्तावर नसून ज्ञानावर आहे. ज्याचे नाव ठाऊक आहे तो आपला. ज्याचे नाव विसरले तो परका. ह्या दृष्टीने वंशावळ ही केवळ हौसेची वस्तु नव्हे. एक पान फाटले किंवा एक वृद्धा निवर्तली की एक शाखा कुलाबाहेर जाते, आणि एक जुना लेख सापडला की ती परत येते.

आता हे ज्ञान घरोघर किती शिल्लक असते? ज्या घरी श्राद्धपक्ष चालतो तेथे पिता, पितामह व प्रपितामह ही तीन नावे संकल्पात उच्चारावी लागतात, मातामहाकडीलही तीन. म्हणून ती पाठ असतात. चौथ्या नावाचे विधीत काम पडत नाही, आणि म्हणूनच बहुतेक घरांची तोंडी परंपरा चौथ्या पायरीवर अडखळते. तिच्यापुढे एकदम मूळपुरुषाची एखादी आख्यायिका येते. मधल्या पाच-सहा पिढ्यांची पोकळी भरून काढणारे साधन म्हणजे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या होत.

२. वही म्हणजे काय

गोदावरीच्या तीरावर रामकुंडाच्या परिसरात तीर्थविधि चालविणाऱ्या उपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नावांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या असतात. कोणी वही म्हणतात, कोणी चोपडी, कोणी बाड. तीतील मजकुरास नामावळी किंवा लेख म्हणण्याचा प्रघात आहे. यजमान यात्रेस आला म्हणजे उपाध्याय त्याचे उपनाव, गोत्र व मूळगाव विचारतो आणि त्याच्या पूर्वजाचा लेख आपल्या वहीत काढून दाखवितो. लेख निघाला म्हणजे तो यजमान त्या उपाध्यायाचा ठरला. ही त्याची वृत्ति. मग आलेला यजमान आपल्या हाताने नवा लेख लिहून देतो. १८८३ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा भाग नाशिक जिल्ह्यावर आहे. त्यातही येथील उपाध्यायांच्या ह्या वह्यांचा व्यवहार वर्णिलेला आढळतो. काशी, प्रयाग, गया, हरद्वार, त्र्यंबक व पंढरपूर येथेही हीच चाल आहे. हरद्वारच्या पंड्यांच्या पुष्कळ वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटाह प्रांतातील वंशावळी जमविणाऱ्या संस्थेने घेतली, ह्यावरून ह्या साधनाचे मोल परक्यांस आपल्याआधी कळले असे म्हणावे लागते.

लेखात सामान्यतः लिहिणाऱ्याचे नाव, बाप, आजा व पणजा ह्यांची नावे, भाऊ, चुलते, पुत्र व पुतणे, माता व भार्या, गोत्र, उपनाव, राहण्याचा गाव, मूळगाव आणि शेवटी शक, संवत्सर, मास व तिथि असते. कोठे येण्याचे कारणही असते. ह्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की लिहिणारा स्वतःच्या वरच्या तीन व खालची एक अशा मिळून पाच पिढ्या नोंदवितो. त्याचा पुत्र किंवा नातू तीस-चाळीस वर्षांनी येऊन पुन्हा पाच पिढ्या लिहितो. ह्या दोन लेखांत तीन-चार नावे समान येतात व साखळीच्या कडीत कडी अडकते. असे चार-पाच लेख सलग मिळाले म्हणजे दोन शतकांची वंशावळ उभी राहते. आणि ती कोणा भाटाने सांगितलेली नसून ज्या त्या पुरुषाने आपल्या हयातीत स्वहस्ते लिहिलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात धरिली पाहिजे. ह्या वह्या यात्रेकरूंच्या आहेत, रहिवाशांच्या नव्हेत. जे घराणे नाशिकातच पिढ्यान्‌पिढ्या राहिले, त्यास रामकुंडावर येण्यासाठी प्रवास नको होता; त्याचे लेख येथे मिळण्याचा संभव कमी. तेच घराणे काशीस, गयेस किंवा पंढरपुरास गेले तेव्हा तेथे त्याने लेख लिहिला. उलट त्याच घराण्याची जी शाखा सरदारांच्या मागे उत्तरेस किंवा नोकरीनिमित्त वऱ्हाडात गेली, ती मूळगावच्या गंगेवर परतून आली तेव्हा तिचा लेख नाशिकात राहिला. म्हणून नाशिक हे मूळस्थान असलेल्या कुलाने पांगलेल्या शाखा नाशिकच्या वहीत शोधाव्यात व स्थिर राहिलेली शाखा अन्य क्षेत्रांच्या वहीत शोधावी. सिन्नर, निफाड, येवले, चांदवड, दिंडोरी अशा भोवतालच्या गावची घराणी मात्र दोन्ही अर्थी येथे सापडण्याचा संभव आहे.

३. लेख शोधण्याच्या व तपासण्याच्या रीती

वही गाव व उपनाव ह्यांच्या अनुरोधाने लावलेली असते. म्हणून आजच्या उपनावावर विसंबून जाऊ नये. उपनावे बदलतात. नाशिकच्या गोदाघाटावर १७४७ साली ज्यांनी रामेश्वराचे देवालय बांधिले व ज्यांच्या नावाने ते नारोशंकराचे देऊळ म्हणून प्रसिद्ध आहे, ते झांशीचे सुभेदार नारोशंकर ह्यांचे उपनाव दाणी. पुढे किताबावरून त्यांचे घराणे राजेबहादर झाले. विठ्ठल शिवदेव हेही मूळचे दाणी. त्यांचे वंशज जहागिरीच्या गावावरून विंचूरकर झाले. एका उपनावाची अशी दोन-तीन उपनावे होतात व वंशजांस परस्परांचा पत्ता राहत नाही. गावावरून पडलेल्या उपनावाविषयी तर नियमच सांगता येईल: ते उपनाव त्या गावी पडत नाही, गाव सोडून जेथे गेले तेथे पडते. नाशिकात सारेच नाशिकचे. 'नाशिककर' म्हणावयास माणूस झांशीस किंवा सागरास जावा लागतो. म्हणून अशा घराण्याने वही पाहण्यापूर्वी आपले जुने उपनाव व गोत्र ह्यांचा छडा लावावा.

दुसरी अडचण नावांच्या पुनरावृत्तीची. नातवास आजाचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे एकाआड एक पिढीत तीच नावे येतात. पेशव्यांच्या भट घराण्यात हे स्पष्ट दिसते: विश्वनाथाचा पुत्र बाळाजी, त्याचा पुत्र बाजीराव, ज्याचे पाळण्यातील नाव विसाजी म्हणजे विश्वनाथच, आणि त्याचा पुत्र पुन्हा बाळाजी. काळ न पाहता केवळ नावे जुळविली तर दोन पिढ्या गळतात, किंवा एकच पुरुष दोनदा मोजला जातो. तीन शतकांत सामान्यतः दहा ते बारा पिढ्या होतात. वंशावळीत ह्याहून फार कमी वा फार अधिक भरल्यास ती पुन्हा तपासावी.

तिसरी गोष्ट कालाची. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ व जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ व त्यानंतर ६०० मिळवावे. दक्षिणी फसलीत अनुक्रमे ५९० व ५९१. हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु संमेलनाच्या कामी जी तरुण मंडळी पुढे येतात त्यांस एक सोपी कसोटी शिकवून ठेवावी. शकाच्या अंकात १२ मिळवून ६० ने भागावे. बाकी राहील तो प्रभवापासून संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य राहिल्यास साठावा. पानिपतचे युद्ध पौष शुद्ध ८ शके १६८२ रोजी, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाले. १६८२ त १२ मिळविता १६९४. ६० ने भागिता बाकी १४. आणि चौदावा संवत्सर विक्रम, जो त्या वर्षी होताच. वहीतील लेखात शक व संवत्सर जुळत नसल्यास तो लेख मागाहून नकललेला, किंवा अंक वाचण्यात चूक झालेली, असे धरून पुढील तपास करावा. तिथिवार दिलेले असल्यास मोडकांची जंत्री किंवा खरे जंत्री घेऊन पडताळा पहावा.

चौथी गोष्ट, शोध कोठून आरंभावा. गुरु सिंह राशीस असता नाशिक-त्र्यंबकास यात्रेचे महत्त्व विशेष. तेव्हा सिंहस्थाच्या वर्षांत लेखांची दाटी असणे स्वाभाविक आहे. परंतु बारा-बारा वर्षे मागे मोजीत गेल्याने चूक होते. गुरूची एक प्रदक्षिणा बारा वर्षांहून किंचित कमी काळात पुरी होते. सात प्रदक्षिणांस ८४ नव्हे, ८३ वर्षे लागतात. दोनशे वर्षे मागे जाता ही चूक दोन-तीन वर्षांची होते. म्हणून अपेक्षित वर्षाच्या मागचीपुढची पानेही चाळावीत.

४. प्रमाणाची किंमत

वहीतील लेख अप्रमाण मानण्याचे कारण नाही, तसेच तो वेदवाक्यही नव्हे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, मृत व्यक्तीने वाद उपस्थित होण्यापूर्वी नात्याविषयी केलेले विधान ग्राह्य ठरविले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते तत्त्व राखिले आहे. 'वाद उपस्थित होण्यापूर्वी' ह्या शब्दांतच संशोधकाचीही कसोटी आहे. यात्रेकरूस खोटे लिहिण्याचे कारण सहसा नसते. तो पितरांच्या नावाने आलेला असतो. परंतु वतनाचा, वारशाचा किंवा दत्तकाचा तंटा चालू असता लिहिलेला लेख सावधपणे वाचावा. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमिल्यावर जुन्या मोडी नोंदी व वंशावळी ह्यांस गावोगाव एकाएकी मोल आले. मोल आले की कागद बाहेर येतात, ही इष्टापत्ति. पण त्याबरोबरच जुन्या पानावर नवी शाई चढण्याचे भयही वाढते. म्हणून जे लेख आज निर्विवाद आहेत त्यांच्या नकला आजच होणे जरूर आहे.

दत्तकाविषयी विशेष काळजी घ्यावी. दत्तक गेलेला पुत्र जनक पित्याच्या लेखात एकदा व दत्तक पित्याच्या लेखात एकदा असा दोनदा दिसतो. वंशावळीत दोन्ही ठिकाणी त्याचे नाव ठेवून 'दत्तक गेला' व 'दत्तक आला' असा शेरा द्यावा.

५. संमेलनाची आखणी

संमेलनाची पहिली निमंत्रणे जाण्यापूर्वी वही पाहिली पाहिजे, हा आमचा मुख्य आग्रह आहे. सर्वत्र रीत उलटी दिसते. आधी कार्यालय ठरते, मग आचारी, मग पत्रिका. आणि माणसे जमल्यावर कोणा उत्साही गृहस्थास आठवण होते की उपाध्यायांकडे जाऊन यावे. आमच्या माहितीतील एका कुलाने असेच केले. संमेलन पार पडले, आणि दुसऱ्या दिवशी वहीत जी शाखा निघाली तिची चार घरे नाशिकातच, संमेलनाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर राहत होती. त्यांस कोणी बोलाविले नव्हते. कारण ती आपली आहेत हे कोणास ठाऊकच नव्हते. पुन्हा सर्वांस जमविणे त्या मंडळींस अद्याप साधलेले नाही.

म्हणून वर्षभर आधी प्रत्येक ज्ञात शाखेतून एक कर्ता मनुष्य निवडावा व त्याच्याकडून माहितीपत्रक भरून घ्यावे. त्यात सात-आठ गोष्टी पुरेत: वरच्या माहीत असतील तितक्या पिढ्यांची नावे, गोत्र, कुलदैवत व कुलस्वामिनी, मूळगाव, जुने उपनाव, घरातील स्त्रियांची माहेरची नावे व माहेरचे गाव, कोणत्याही क्षेत्रातील उपाध्यायाचे नाव, आणि घरी असलेले जुने कागद, पोथ्या, ताम्रपट, टाक ह्यांची स्थूल यादी. नऊ महिने आधी दोघा-तिघांनी, त्यात एक मोडी जाणणारा, उपाध्यायांकडे जावे. सहा महिने आधी वंशावळीचा कच्चा तक्ता सर्व शाखांस धाडावा. आलेल्या दुरुस्त्या कोणाकडून व कशाच्या आधारे आल्या हे टिपून ठेवावे. मग निमंत्रणे काढावीत.

काळ निवडताना नाशिकचे पंचांग पहावे. पितृपक्षात उपाध्यायांस श्वास घेण्यास सवड नसते. चैत्रात रामनवमीचा उत्सव व कामदा एकादशीचा रथ असतो. पावसाळ्यात गोदाकाठचा भरवसा नाही. सिंहस्थात तर घरगुती समारंभ योजूच नये; ज्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ हे जाहीर झाले तो जुलै २०२८ पर्यंतचा आहे. दिवाळीनंतर कार्तिक वद्यापासून माघापर्यंतचा काळ सर्व दृष्टींनी सोईचा.

उपाध्यायांशी वागण्याविषयी दोन शब्द. वही ही त्यांची वृत्ति आहे, सार्वजनिक दप्तर नव्हे. आधी कळवून जावे, योग्य दक्षिणा द्यावी, आपल्याच कुलाची पाने पहावीत आणि परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. दुसऱ्याच्या घराण्याचे पान तर मुळीच घेऊ नये. जो विश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो एका उतावळ्या संग्राहकामुळे गेला तर पुढील सर्वांस दार बंद होईल. काही उपाध्यायांची पुढील पिढी अन्य व्यवसायांत गेली आहे. गोदावरीचे पूर तर नाशिककरांस ठाऊकच आहेत. १९६९, २००८ व २०१६ ह्या सालांच्या पुरांत काठावरच्या जुन्या वस्तीची काय अवस्था झाली हे दुतोंड्या मारुतीने पाहिले आहे. अशा स्थितीत कुलसंमेलनाच्या निधीतून त्या एका वहीची बांधणी दुरुस्त करून द्यावी, तिला नवे बासन व कोरडी पेटी द्यावी. एका वेळच्या पक्वान्नाच्या खर्चात हे होते, आणि त्याने आपल्याच नव्हे, तीत ज्यांचे लेख आहेत त्या सर्व कुलांचे कल्याण होते.

६. कागदांचा दिवस

संमेलन दोन दिवसांचे असावे व त्यातील एक प्रहर केवळ कागदांसाठी राखावा. प्रत्येक शाखेने आपले रुमाल आणावेत. कोणी ते संमेलनास अर्पण करावेत अशी भाषाही काढू नये. मालकी ज्याची त्याची राहील, कागद त्याच दिवशी परत जाईल, असे आधीच लेखी कळवावे. आणलेल्या प्रत्येक कागदास क्रमांक, आणणाऱ्याचे नाव व पोच द्यावी. छायाचित्र घेऊन लगेच परत करावा. दुमडलेला कागद ओढून उघडू नये, शिवण उसवू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकात बंद करू नये व उन्हात टाकू नये. घरी गेल्यावर सुती कापडात बांधून वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवावी, ही जुनी रीत अद्यापि सोडण्याजोगी नाही.

घरच्या माणसास जो कागद टाकाऊ वाटतो तो बहुधा आपल्या कामाचा असतो. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे ह्यांनी पटवर्धनांच्या घरची पत्रे वाचून १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह काढिला. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड छापिला तोही वाईस मिळालेल्या पत्रांवर. दोहोंचा उगम सरकारी दप्तरात नसून खाजगी वाड्यांत होता. सरदारांचे कागद पुष्कळसे आता छापून निघाले. कुलकर्णी, जोशी, सराफ, वैद्य, शास्त्री अशा मध्यम घरांचे तसेच पडून आहेत. लग्नाचा खर्च, कर्जाचे खत, औषधांची वही, पाठशाळेतील टिपण, ह्यांवाचून लोकांचा इतिहास लिहिता येणार नाही. आपटे घराण्याचा इतिहास १९१४ साली निघाल्यापासून गोखले, पेंडसे, बापट इत्यादि घराण्यांनी कुलवृत्तांत छापिले. त्यांत नावे भरपूर मिळतात, परंतु कागदांची यादी देणारे थोडे. पुढील वृत्तांतकारांनी शेवटी 'घराण्यातील कागद व ते कोठे आहेत' असे एक प्रकरण अवश्य द्यावे.

त्याच दिवशी वंशावळीचा मोठा तक्ता भिंतीवर लावून हाताशी पेन्सिली ठेवाव्यात. आमचा अनुभव असा की पुरुष तक्त्यासमोर उभे राहून स्वतःचे नाव शोधतात व निघून जातात. वृद्ध स्त्रिया मात्र चुका काढितात. अमकीचे दुसरेपणाचे लग्न, तमक्याचे लहानपणी गेलेले भाऊ, कोण कोणाच्या घरी वाढला, हे त्यांसच ठाऊक असते. एका तरुण मुलीस त्यांच्याजवळ बसवून ऐकेल ते टिपून घ्यावयास सांगावे.

७. लेकींची नावे

जुन्या वंशावळींत एक मोठा दोष आहे आणि तो आता काढून टाकणे आपल्या हाती आहे. तीत लेकी नसतात. सुना आल्या तरी सासरच्या नावाने. माहेरचे नाव लग्नाच्या दिवशी तांदळांत बुडालेले. ज्याला केवळ कन्या झाल्या त्याच्या नावापुढे 'निर्वंश' असा शेरा मारून रेघ थांबविलेली आढळते. वस्तुतः त्याचा वंश चालू असतो, फक्त दुसऱ्या उपनावाखाली. विज्ञानेश्वराचा पिंडाचा अर्थ शरीर असा घेतला तर कन्येकडे गेलेला अंश पुत्राकडे गेलेल्या अंशाहून कमी कसा म्हणावा? १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने कायदा करून कन्येस एकत्र कुटुंबात पुत्रासारखा जन्मतः हक्क दिला; वंशावळीने तिला नावापुरतीही जागा नाकारावी हे आता शोभत नाही.

संशोधनाच्या दृष्टीनेही ह्यात लाभ आहे. कागद पुष्कळदा लेकीकडून जातात. विद्वान पित्याच्या पोथ्या पुत्र नसल्यास जावयाच्या किंवा नातवाच्या घरी पोचतात, आणि मूळ घराण्याचे लोक त्या नष्ट झाल्या असे समजतात. म्हणून माहेरवाशिणींस व त्यांच्या संततीस निमंत्रण द्यावे, आणि 'निर्वंश' असा शेरा असलेल्या प्रत्येक नावाखाली कन्या होत्या काय, हे विचारून पहावे.

८. नवा लेख

संमेलनाची समाप्ति रामकुंडावर व्हावी. समारंभाचा शेवटचा विधि म्हणून उपाध्यायांच्या वहीत त्या सालचा नवा लेख लिहावा. लेख सुवाच्य देवनागरीत, टिकाऊ शाईने व घराण्यातील वडील माणसाच्या हाताने असावा. त्यात मूळपुरुषापासून निश्चित झालेल्या शाखांची नावे, प्रत्येक शाखेचे सांप्रतचे राहते गाव, जुने व नवे उपनाव, पुत्र व कन्या दोघांची नावे, सुनांची माहेरची व सासरची नावे, आणि शक व सन दोन्ही द्यावे. जे संशयित आहे ते 'संशयित' असे लिहूनच द्यावे. आपल्या पणतूंस आपल्या अज्ञानाची जागा कळली तर ते तेथून पुढे शोधतील. लेखाची एक प्रत संमेलनाच्या वृत्तांतात छापावी. छापील प्रत संशोधन संस्थेकडे धाडावी, आणि नाशिकात १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयासही एक द्यावी. वही, छापील वृत्तांत व ग्रंथालय अशा तीन ठिकाणी नावे राहिली म्हणजे पूर, वाळवी किंवा वारसांची उदासीनता ह्यांपैकी कोणत्याही एका संकटाने ती सर्वच जाणार नाहीत.

ज्या वाचकांच्या घराण्यांची संमेलने योजिली जात आहेत त्यांनी वरील सूचनांपैकी साधतील त्या अमलात आणाव्यात. आणि नाशिक, त्र्यंबक किंवा अन्य क्षेत्रांतील वह्यांत आपल्या कुलाचे जे लेख आढळतील त्यांच्या नकला, पानाचा ठिकाणा व शक नमूद करून, ह्या त्रैमासिकाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंति आहे. मोडी लेख स्वतः वाचता न आल्यास तो वाचून देणारे सभासद नाशिकात व पुण्यात आहेत. त्यांचे साहाय्य विनामूल्य मिळेल अशी व्यवस्था करण्यास आम्ही सिद्ध आहो.